आगमनकाळाचं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच त्याच दुकानांत कागदी चांदण्या लटकू लागतात. वांद्र्याचा हिल रोड, क्रॉफर्ड मार्केट, पुण्याचा कॅम्प, वसईचे बाजार, सगळीकडे माल थोड्याफार फरकाने सारखाच. झाडं, गोळे, घंटा, सांता हे सगळं २५ तारखेचं. त्याच्या शेजारी हल्ली आगमनकाळाचं, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या आठवड्यांचं, सामानही दिसतं: खिडक्यांचं कॅलेंडर, चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं म्हणजे रीथ, येशूजन्माच्या गोठ्याच्या मूर्ती, रोजच्या वाचनाच्या पुस्तिका. इथे फक्त या सामानाची पारख केली आहे.

सण साजरा करण्याचं सामान आणि सणाची वाट पाहण्याचं सामान यांना एकच मोजपट्टी लावून चालत नाही. टिकाऊपणा आणि किंमत पाहावीच, पण आगमनकाळाच्या वस्तूला पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की ही थांबायला लावते का? २४ च्या रात्रीआधीच जिचं सगळं उघडून, पेटवून, मांडून होतं, ती कितीही सुबक असली तरी कामाची नाही. दुसरा प्रश्न वयाचा. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जिने विस्फारतात, ती वस्तू पंधराव्या आणि पन्नासाव्या वर्षी काही देते का? बहुतेक वस्तू इथे नापास होतात. दोन-तीन होत नाहीत.

आधी तारखांचा हिशोब, कारण खरेदी त्यावर अवलंबून आहे. आगमनकाळ २४ दिवसांचा असतो हा समज छापील कॅलेंडरांनी पसरवला. प्रत्यक्षात नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे. त्यातला पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कुठेही पडतो. २०२२ मध्ये हा काळ पुरता २८ दिवसांचा होता, २०२३ मध्ये जेमतेम २२ दिवसांचा, आणि चौथा रविवार थेट २४ डिसेंबरलाच आला. २०२८ मध्ये पुन्हा तसंच होणार आहे. २०२६ मध्ये सुरुवात २९ नोव्हेंबरला, म्हणजे २६ दिवस. हा २६ चा आकडा पुढे मेणबत्ती घेताना लागेल.

चॉकलेटचं कॅलेंडर

पुठ्ठ्याचा चपटा डबा, त्यावर २४ खिडक्या, प्रत्येक खिडकीमागे प्लास्टिकच्या साच्यात तीन-चार ग्रॅमचं चॉकलेट. मूळ कल्पना जर्मन घरांतली: दारावर खडूने रेघा मारायच्या आणि रोज एक पुसायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांगने ती छापून विकायला काढली. खिडकीमागे तेव्हा चित्र असे. चॉकलेट नंतर आलं आणि चित्राला कुणी विचारेनासं झालं.

आपल्याकडे हे डबे बहुतेक परदेशातून येतात आणि घोळ तिथेच होतो. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. मुंबईतली डिसेंबरची दुपार ३२-३३ वर सहज जाते, बंद गोदाम त्याहून तापतं. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढुरकी साय येते. ती बुरशी नव्हे, वर आलेली चरबी आहे. खाल्ल्याने काही होत नाही, पण मूल ते तोंडातून बाहेर काढतं. फ्रिजमध्ये ठेवावं तर पुठ्ठा ओल धरतो, खिडक्या फुगतात आणि एक उघडताना शेजारच्या दोन फाटतात. घेण्याआधी डबा कानाशी धरून हलवा. आत खडखडलं तर गोळ्या साच्यातून निसटल्यात असं समजा. मग सातव्या खिडकीत काहीच नाही आणि विसावीत तीन.

हे सगळं चालवून घेता येईल. न चालण्यासारखं आहे ते वेगळंच. डबा १ डिसेंबरला सुरू होतो, रविवार त्याला ठाऊकच नाही. बहुतेक डब्यांवर रेनडिअर आहे, बर्फ आहे, पण बाळ येशूला ठेवलं ती गव्हाण नाही. आणि मागची पट्टी सोडवली की अख्खा साचा हातात येतो. सात वर्षांवरच्या कोणत्याही मुलाला हा शोध दुसऱ्याच दिवशी लागतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आकडे शिकवायला ठीक, त्यापुढे पैसे वाया.

काडेपेट्यांचं कॅलेंडर

याला दुकान लागत नाही. २८ रिकाम्या काडेपेट्या, फेविकॉल, जांभळा आणि गुलाबी कार्डपेपर, खण ओढताना हातात धरायला २८ मोठे मणी. साधी काडेपेटी साधारण पाच सेंटिमीटर लांब, साडेतीन रुंद आणि दीड उंच असते. सात ओळीने आणि अशा चार थरांत चिकटवल्या की २४–२५ सेंटिमीटर रुंद, सहा उंच असा खणांचा ठोकळा तयार होतो. सातच का? कारण मग प्रत्येक थर म्हणजे रविवार ते शनिवार असा एक आठवडा आणि डावीकडचा उभा रकाना म्हणजे चार रविवार. हा ठोकळा कुठल्याही वर्षी चालतो. २०२६ मध्ये शेवटच्या थरात २० ते २४ डिसेंबरचे पाच खण भरायचे. सहावा शुक्रवारचा, म्हणजे खुद्द नाताळचा. सातवा रिकामा.

चुका होतात त्या चिकटवताना. खण बाहेर काढून नुसती बाहेरची टोपणं चिकटवली तर दाबाखाली ती पिचकतात आणि खण परत आत जात नाहीत. खण आत ठेवूनच चिकटवा, फेविकॉलचा हात पातळ असू द्या आणि वर जाड पुस्तक ठेवून रात्रभर सोडा. सकाळी प्रत्येक खण एकदा ओढून पाहायचा, कुठे गोंद झिरपला असेल तर ब्लेडने तेव्हाच सुटतो. तिसऱ्या रविवारच्या खणावर गुलाबी कागद, बाकीच्या तिन्ही रविवारांवर जांभळा, पुढे येणाऱ्या रीथच्या मेणबत्त्यांसारखाच.

आत काय ठेवायचं हा खरा प्रश्न. चिक्की, गोळ्या एकदम भरून ठेवल्या तर चौथ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते, म्हणून खाऊ आदल्या रात्रीच टाकावा. त्याहून बरं म्हणजे एका ओळीची चिठ्ठी: अमक्या आजीला फोन कर, आज पाण्याच्या बाटल्या तू भर. काम झालं की मुलाने पेंढ्याची एक काडी गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीत टाकायची. ही रीत अनेक देशांतल्या ख्रिस्ती घरांत आहे. वसई-पालघरकडे भातकापणी नुकतीच झालेली असते, त्यामुळे मूठभर पेंढा फुकटात मिळतो. बारीक चिरून वापरण्याआधी दोन दिवस कडक उन्हात टाकावा, नाहीतर त्यातले किडे कपाटात जातात. २४ तारखेला गव्हाणीत किती मऊ गादी झाली हे मूल स्वतःच पाहतं. न सांगता त्याला कळतं की वाट पाहणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. चिठ्ठ्या मुलाच्या वयाप्रमाणे कठीण करत नेता येतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या खणात 'ज्याच्याशी बोलत नाहीस त्याच्याशी आज बोल' अशी चिठ्ठी निघाली, की काडी टाकायला दोन दिवस लागतात.

रीथ

मराठीत पुष्पचक्र म्हटलं की डोळ्यांसमोर श्रद्धांजलीचा फोटो येतो, त्यामुळे बोलताना सगळे रीथच म्हणतात. हिरव्या डहाळ्यांचं आडवं कडं, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती. मध्ये पांढरी ठेवतात ती २४ च्या रात्रीची. दर रविवारी एक वाढवायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी, कारण त्या दिवशी उपासनेचा सूर आनंदाचा असतो. हीदेखील जर्मनीतून आलेली पद्धत. हॅम्बुर्गमध्ये अनाथ, गरीब मुलांसाठी घर चालवणारे लुथरन (प्रोटेस्टंट) पाळक योहान हिन्रिच विचर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर २० लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. 'नाताळ कधी?' असं मुलं रोज विचारायची, त्याचं ते उत्तर होतं. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरला होता, म्हणून लहान मेणबत्त्या बरोबर २० लागल्या. पुढे घराघरांत फक्त चार मोठ्या राहिल्या.

बाजारात मिळणारा तयार संच म्हणजे बहुधा ३० सेंटिमीटरचं तारेचं किंवा प्लास्टिकचं कडं, त्याला हिरव्या प्लास्टिकच्या सुया, चार वाट्या आणि चार मेणबत्त्या. कडं टिकतं, दहा वर्षंही जाईल. फसवणूक मेणबत्त्यांत आहे. जांभळा रंग आपल्याकडे फारसा खपत नसल्यामुळे पांढऱ्या मेणबत्तीला वरून जांभळ्या रंगाचा थर देऊन विकतात. तो रंग वातीत उतरतो, वात काजळी धरते, ज्योत मिणमिणते आणि धूर होतो. बूड नखाने खरवडून पाहा. आतलं मेण पांढरं दिसलं तर परत ठेवा. आरपार रंगवलेली मिळाली नाही, तर साध्या पांढऱ्या घेऊन तीन वाट्यांना जांभळी आणि एकीला गुलाबी रिबीन बांधलेली बरी. काही बिघडत नाही. रिबीन मात्र वाटीच्या खाली बांधा, मेणबत्तीला नाही.

लांबीचा हिशोब सहसा कुणी करत नाही आणि दर वर्षी पहिली मेणबत्ती नाताळच्या आधीच संपते. २०२६ चं उदाहरण घ्या. रोज संध्याकाळी प्रार्थनेपुरती २० मिनिटं पेटवली तर पहिली मेणबत्ती २६ संध्याकाळ जळेल, म्हणजे आठ तास ४० मिनिटं. दुसरी १९ संध्याकाळ, सहा तास २० मिनिटं. तिसरी चार तास. चौथी जेमतेम एक तास ४० मिनिटं. दोन-सव्वादोन सेंटिमीटर जाडीची उंच मेणबत्ती ताशी साधारण अडीच सेंटिमीटर जळते. म्हणजे पहिलीला २२ सेंटिमीटर हवेत, आणि संचात मिळणारी असते १५ किंवा २०. एकतर २५ सेंटिमीटरच्या घ्या, नाहीतर वेळ दहा-बारा मिनिटांवर आणा. काहीजण उंची सारखी राहावी म्हणून मेणबत्त्यांची अदलाबदल करतात. ते करू नये. पहिली बुटकी आणि चौथी उंच, हा उतारच तर त्या रीथचं कॅलेंडर आहे.

पंखा बंद करा. ही सूचना कुठल्याही खोक्यावर नसते, कारण खोकी थंड देशांसाठी छापलेली. पंख्याखाली मेणबत्ती एका बाजूने ओघळते, दीडपट वेगाने संपते आणि डहाळ्यांवर मेण सांडतं. वात पाच मिलिमीटरवर कापावी. वाटीत मेणबत्ती हलत असेल तर बुडाला ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा, कागद नको.

खऱ्या डहाळ्या हव्या असतील तर नर्सरीतली मोरपंखी चांगली. ओल्या फुलदाणीच्या स्पंजात खोचली आणि एक दिवसाआड पाणी घातलं तर आठ-दहा दिवस हिरवी राहते. सुरूच्या डहाळ्या वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे मुबलक, दिसतातही सुंदर, पण पाच-सहा दिवसांत वाळतात आणि वाळलेला सुरू म्हणजे काडीला आमंत्रण. दर शनिवारी डहाळ्या बदलायची तयारी असेल तरच त्या वापराव्यात. बोटांनी चुरून पाहिल्यावर कुरकुर वाजली की त्या दिवशी मेणबत्ती लावायची नाही.

बॅटरीच्या मेणबत्त्यांना नाक मुरडण्याचं कारण नाही. घरात दम्याचा रुग्ण असेल, इमारतीत गॅलरीभर वारा असेल, तर त्याच बऱ्या. फक्त मागचं झाकण स्क्रूने बसणारं हवं. नाण्यासारखी बॅटरी लहान मुलाने गिळली तर ती अन्ननलिका जाळते, हा धोका ज्योतीपेक्षा कमी नाही.

या सगळ्या सामानात रीथ ही एकच वस्तू अशी आहे जी मुलाला आणि मोठ्याला एकाच वेळी पुरते. मूल मेणबत्त्या मोजतं. मोठ्यांना पहिल्या आठवड्यात, बाहेर सगळीकडे रोषणाई असताना, घरात एकच ज्योत ठेवून बसणं जड जातं, आणि तो जडपणाच हवा असतो. दिवाणखान्यात झाडाची माळ लुकलुकत असेल तर निदान तेवढा वेळ ती बंद ठेवा.

चांदणी आणि झाड

थोडक्यात. कागदी चांदणीत पिवळा तारेचा बल्ब घालू नका, कागद करपतो; पाच ते नऊ वॉटचा एलईडी पुरतो. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी गोठ्यांसाठी तो गुपचूप विकला जातो. घेऊ नका. झाडाबद्दल आगमनकाळाच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही नाही.

गोठा

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच. साधा संच ११ मूर्तींचा असतो: मरिया, योसेफ, बाळ येशू, तीन राजे, एक मेंढपाळ, एक देवदूत, बैल, गाढव, मेंढरू. माप उभ्या योसेफाच्या उंचीवरून सांगतात. फ्लॅटमधल्या कोपऱ्याला सहा इंची पुरतो, अंगणातल्या देखाव्याला १२ इंचीपासून पुढे.

दुकानात सर्वात आधी बाळ उचलून पाहा. उचललं गेलं पाहिजे. अनेक संचांत बाळ गव्हाणीलाच जोडून ओतलेलं असतं, आणि सगळ्यात स्वस्त प्रकारात तर अख्खं कुटुंब एकाच पाटावर चिकटलेलं असतं. असा संच ३० नोव्हेंबरला मांडला की नाताळ तिथेच झाला. बाळ सुटं असेल तर गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी राहते, मिस्सेहून (चर्चमधल्या उपासनेहून) परत आल्यावर घरातलं सर्वात धाकटं मूल बाळाला ठेवतं. तसंच राजांचं. तिघे सुटे हवेत, उंटासकट एकत्र ओतलेले नकोत, कारण त्यांना यायचंय दुरून. त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीच्या कपाटावर ठेवून रोज वीतभर पुढे सरकवतात. तीन राजांचा सण ६ जानेवारीचा. आपल्याकडचं कॅथलिक चर्च तो जवळच्या रविवारी पाळतं.

साहित्यात तीन पर्याय. प्लास्टर ऑफ पॅरिस स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. बोटं, राजांचे मुकुट आणि गाढवाचे कान आधी जातात. पावसाळ्यात ओल धरून रंगाचे पोपडे निघतात. रेझिन महाग, पण बारकावे टिकतात आणि पडलं तर सहसा एकच तुकडा निघतो, तो फेविक्विकने बसतो. भाजलेली माती दिसायला सर्वात खरी, चेहरेही बहुधा आपल्यासारखे सावळे, पण मूर्ती जड आणि मापाला कमी-जास्त. बाजारातल्या बहुतेक मूर्ती गुलाबी गालांच्या आणि निळ्या डोळ्यांच्या असतात हे कुणालाच खटकत नाही याचं नवल वाटतं. येशूच्या गालील प्रांतातली ती माणसं तशी दिसत असण्याची शक्यता फार कमी. रंगाची परीक्षा सोपी: ओलं बोट मरियेच्या पदरावरून फिरवा, निळं लागलं तर सोडून द्या. मेंढरू आणि बैल शेजारी ठेवून पाहा, काही संचांत दोघे सारख्याच उंचीचे निघतात.

मोडलेलं प्लास्टर जोडताना नुसता फेविकॉल धरत नाही, कारण तुटलेला भाग भुसभुशीत असतो. आधी एक भाग फेविकॉल तीन भाग पाण्यात कालवून तो पातळ हात मारा, वाळू द्या, मग घट्ट फेविकॉलने जोडा. खड्डा पडला असेल तर त्याच फेविकॉलमध्ये चिमूटभर पीओपी पावडर मळून भरा, दुसऱ्या दिवशी घासून रंगवा.

गोठ्याचं छप्पर पुठ्ठ्याच्या खोक्याचं, त्यावर गोणपाट आणि पेंढा. आत एलईडीची माळ चालेल, पेंढ्यापासून हातभर दूर. मेणबत्ती किंवा पणती गोठ्यात कधीही नाही. जमिनीला हिरवा रंगवलेला भुसा टाकतात, तो ओला झाला की फरशीला डाग पडतात. त्याऐवजी धान पेरा. नवरात्रात घटाभोवती पेरतात तसंच. पसरट ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर माती आणि कोकोपीट, चौरस फुटाला १०० ग्रॅम गहू, आदल्या रात्री भिजवलेले. १४-१५ डिसेंबरला पेरले तर २४ पर्यंत बोटभर उंच होतात. आधी पेरले तर लवंडतात. मोहरीला सात-आठ दिवस पुरतात, नाचणी बारीक आणि दाट येते, खऱ्या गवतासारखी. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. तळाशी पाणी साचलं की तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आणि आंबट वास. हे गवत कितीही घाई केली तरी लवकर उगवत नाही, त्यामुळे या लेखात सर्वात वरचा नंबर आम्ही त्यालाच देऊ.

गोठ्याची परंपरा असिसीच्या संत फ्रान्सिसपर्यंत जाते. १२२३ च्या नाताळच्या रात्री इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने गवताने भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. मोठा झालेला माणूस गोठ्याकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवू शकतो: लूकच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) गव्हाण आहे, पण बैल-गाढव नाहीत. ते आले जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून, जिथे बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, पण लोक ओळखत नाहीत अशी तक्रार आहे. म्हणजे लहानपणी गोड वाटणारी ती दोन जनावरं खरं तर आपल्याला टोमणा मारायला उभी आहेत. आणि मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक, म्हणजे आपले हे राजे, गोठ्यात नव्हे, घरात येतात. किती होते ते मत्तय सांगत नाही.

वाचनाचं साहित्य

पुस्तिका घेताना पहिल्या रविवारचं पान उघडा. तिथे गोंडस बाळ आणि तारा असेल तर पुस्तिका मुलांची आहे, मुलांसाठी घ्या. चर्चच्या वाचनक्रमात पहिल्या रविवारी बाळ नसतंच. तिन्ही वर्षांच्या चक्रात त्या दिवशी जगाच्या शेवटाविषयी आणि जागं राहण्याविषयी वाचन असतं. १६ डिसेंबरपर्यंत भर ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यावर. १७ पासून बेथलेहेमकडे वळण. ज्या पुस्तिकेत हा फरक नाही, ती मोठ्यांना दर वर्षी तीच लहानपणची गोष्ट पुन्हा सांगते, आणि मग तिशीत माणसाला वाटायला लागतं की नाताळची ती जुनी मजा गेली. मजा जाते हे खरं. तिच्या जागी काय ठेवायचं हे पुस्तिकेने सांगायला हवं.

या चक्रातल्या वर्षांना 'अ', 'ब', 'क' म्हणतात. २९ नोव्हेंबर २०२६ ला 'ब', म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाचं वर्ष सुरू होतं, त्यामुळे छापील पुस्तिकेवर वर्ष 'ब' असल्याची खात्री करा. दुकानात मागच्या वर्षीच्या 'अ'च्या प्रती सवलतीत विकतात. रोजचा वाचनक्रम हवा असेल तर त्या चुकीच्या, पण स्वतंत्र मननासाठी घेतल्या तर नुकसान नाही. उलट 'अ' वर्षाचा तिसरा रविवार वाचण्यासारखा आहे: बाप्तिस्मा देणारा योहान तुरुंगातून येशूला निरोप पाठवतो, 'येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?' ज्याने सगळ्यांना येणाऱ्याची खूण सांगितली तोच विचारतोय. गुलाबी मेणबत्तीच्या, आनंदाच्या रविवारी हे वाचन मुद्दाम ठेवलंय. यावर जी पुस्तिका दोन पानं खर्च करते ती घ्यावी. 'शंका घेऊ नका' एवढं म्हणून पुढे जाणारी परत ठेवावी.

पैसे खर्चायचे नसतील तर लूकचं शुभवर्तमान. अध्याय २४, म्हणून १ डिसेंबरपासून रोज एक. अडचण वेळेची: पहिल्या अध्यायात ८० ओवी, मोठ्याने वाचायला दहा मिनिटांहून जास्त, आणि २२ वा ७१ ओव्यांचा. लहान मुलं तिथे टिकत नाहीत, त्यांना १ आणि २ पुरे. दुसरी अडचण अशी, की जन्म २ डिसेंबरलाच होऊन जातो आणि २३ तारखेला, बाजारात सर्वात जास्त गर्दी असते तेव्हा, घरात क्रुसाचा अध्याय येतो. काहींना हा दोष वाटतो. आमच्या मते मोठ्यांनी हीच पद्धत घ्यावी, याच कारणासाठी.

मोबाइलवर रोजचं वाचन पाठवणाऱ्या सेवा चालतात, पण सूचना सकाळी सातला येते आणि आठपर्यंत इतर पन्नास निरोपांखाली जाते. कुणी घेतलीच तर वेळ रीथ पेटवण्याची ठेवा आणि वाचून झाल्यावर फोन पालथा.

आवरताना

गोठा २६ तारखेला उचलू नका. नाताळकाळ जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो आणि राजे अजून वाटेत असतात. मूर्ती गुंडाळायला वर्तमानपत्र वापरलं तर पावसाळ्यात शाई प्लास्टरला चिकटते. जुनी सुती साडी फाडून घ्या. खोक्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका आणि खोकं जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवा. पेंढा टाकून द्या, पुढच्या वर्षी नवा मिळेल. उरलेल्या जांभळ्या मेणबत्त्या आडव्या ठेवा, उभ्या ठेवल्या तर मे महिन्याच्या उकाड्यात वाकतात. बाळाची मूर्ती बाकीच्यांबरोबर ठेवायची नाही. तिला वेगळी डबी द्या, वर '२४ रात्र' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि ती डबी दुसऱ्या कपाटात ठेवा. कुठल्या कपाटात, ते खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, कारण अकरा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.